न विचारता सांगितलेली गोष्ट

८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

आई म्हणाली, "ताईला पत्र लिही. फोनवर तुम्ही दोघी नुसत्या बरं-बरं करता." म्हणून शिक्षकखोलीत बसून लिहिते आहे. समोर सातवीच्या पंचेचाळीस वह्या आहेत आणि निम्म्या मुलांनी विषुववृत्त उभं काढलं आहे.

बातमी अशी, की मी शाळा सोडायच्या विचारात आहे. ओरडू नकोस, आधी ऐक. पाणीपुरवठा कार्यालयात नोंदणीच्या टेबलावर जागा निघाली आहे. अर्ज टाकलाय. दहा ते पाच काम, स्वतःचं टेबल आणि ते टेबल कुणी उसनं मागणार नाही.

परवाचंच सांगते. आठवीला विचारलं होतं, आपल्या गावातला बाजार पुलापलीकडून अलीकडे का आला असेल? वर्गात कधी नव्हे ते वीस-बावीस हात वर. तेवढ्यात गणिताचे सर दारात. "बाई, इतिहासच चाललाय ना? मग पोरं मला द्या, त्रिकोण राहिलेत." मावशी, वर गेलेले ते हात मुलांनी मुकाट्याने खाली घेतले आणि भूमितीच्या वह्या काढल्या. मीच खडू उचलून बाहेर आले. गेल्या महिन्याभरात असे अकरा तास गेले. मुख्याध्यापकांकडे गेले तर ते म्हणाले, "तुमचा विषय काय, मुलं घरीही वाचू शकतात."

आणि खरं दुखणं तेही नाही. इथे विज्ञानाचे तिघं आहेत, भाषेचे चौघं. इतिहास-भूगोलाची मी एकटी. एखादा तास छान झाला तर सांगू कुणाला? एकदा शिपाईकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "छान," आणि घंटा द्यायला गेले.

तू चौतीस वर्षं कशी काढलीस?

तुझी चिंगी


१७ ऑगस्ट

चिंगे,

उभं विषुववृत्त काढणाऱ्यांना आडवं झोपून वही बघायला सांग. बरोबर दिसेल.

चौतीस वर्षं कशी काढली म्हणतेस? पहिली सहा रडत काढली. तुझ्या आईला विचार, दर रविवारी तिच्याकडे जाऊन नोकरी सोडायची भाषा करत होते. सातव्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका जुन्या बाईंनी मला धरून मंडळाच्या अधिवेशनाला नेलं. मंडळ म्हणजे आपल्या विषयाच्या शिक्षकांचं. दर ऑक्टोबरात दोन दिवस सगळे जमतात. चिंगे, तीनशे माणसं आणि प्रत्येकाचा तास गणिताने पळवलेला! पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत मी एका अनोळखी सरांशी जमीनमोजणीवरून भांडले. इतकं बरं वाटलं मला. सहा वर्षांत माझ्याशी त्या विषयावर कुणी भांडलंच नव्हतं.

तिथे नुसती भाषणं नसतात. एकेक जण उभा राहून आपला पाठ करून दाखवतो, बाकीचे विद्यार्थी होऊन बसतात. भिंतीवर कागद लावलेले असतात, कुठल्या शाळेत जागा आहे, पाठ्यपुस्तकाच्या समितीवर कोण हवंय, कुणाला वर्गाची अदलाबदल करायची आहे. आणि उन्हाळ्यातलं अभ्यास-शिबिर असतं. वीस शिक्षक निवडतात, तीन आठवडे दप्तरखान्यात बसवतात, जुने कागद हातात देतात. त्याचा अर्ज अधिवेशनातच मिळतो. तू भर.

मी यंदा येत नाही. गुडघा कापल्यापासून चार मजले उतरायचे म्हणजे खालच्या शिंपीदादांना हाक मारावी लागते. शिवाय आता तुम्ही तरुणांनी जावं.

पाणीपुरवठ्यात जायचं तर खुशाल जा. आधी दोन दिवस त्या माणसांत बसून ये, एवढंच माझं म्हणणं.

तुझी मावशी


२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

जाऊन आले. आवाज बसलाय, इतकी बोलले.

एका सरांनी खडूचे तुकडे वाटून कर म्हणजे काय ते शिकवलं. अर्ध्या तासात माझे सगळे खडू सरकारजमा झाले आणि मी खरंच चिडले! एका बाईंनी नुसत्या बसच्या तिकिटावरून गावाचा भूगोल काढून दाखवला. दुपारी आम्ही चौघी पायऱ्यांवर बसलो होतो, तेव्हा कळलं की त्यातल्या दोघी माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर शिकवतात. तीन वर्षं आम्ही एकाच रस्त्याच्या दोन टोकांना रडत होतो. शिबिराचा अर्ज आणलाय. मुदत डिसेंबरअखेरपर्यंत आहे.

आता दुसरं. लिहू की नको असं झालंय, पण लिहिते.

नाव नोंदवायच्या टेबलावर मंडळाच्या कार्यवाह स्वतः बसल्या होत्या. पस्तिशीच्या असतील, बारीक चष्मा. 'मंडळाविषयी कुणाकडून कळलं' या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं आणि म्हटलं, माझी मावशी. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बाई बऱ्या आहेत?" मी म्हटलं, "हो, गुडघ्यामुळे यंदा आल्या नाहीत." मागे उभे असलेले एक म्हातारे सर म्हणाले, "यंदा? अहो, त्यांना इथे बघून अकरा वर्षं झाली."

मी कार्यवाह बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हे त्यांनाच विचारा." आणि मला बिल्ला दिला.

मावशी, दर ऑक्टोबरात तू बॅग भरून आमच्याकडून निघायचीस. निवृत्त झाल्यावरही जायचीस, मागच्या वर्षीसुद्धा. आई तुला बसपर्यंत सोडायची. परत येताना माझ्यासाठी एक नकाशा आणायचीस, अधिवेशनातला म्हणून. माझ्या खोलीत अजून लावलेत सगळे.

तू कुठे जात होतीस?

चिंगी


२४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तीन आठवडे झाले. तू फोन उचलत नाहीस. आईला 'काम आहे' म्हणालीस म्हणे. शिंपीदादांना फोन केला तर म्हणाले, ठीक आहेत, पण खिडकीत दिसत नाहीत.

मी जाब विचारल्यासारखं लिहिलं. चुकलं. सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण पत्र पाठव. विषय काहीही चालेल, गुडघ्यावर लिही.

तुझी चिंगी


९ डिसेंबर

चिंगे,

तुझं चुकलं नाही. उत्तर द्यायला मला महिना लागला. अकरा वर्षांच्या मानाने लवकरच म्हणायचं.

तुला माझा धरणाचा पाठ माहीत आहे. माहीत नसेल तर त्याचं कौतुक तरी ऐकलं असशील, घरात मीच पुष्कळ सांगितलंय. सातवीला धरण शिकवताना मी मुलांना म्हटलं होतं, कुणाच्या घरी जुन्या गावातलं माणूस आहे का? एक मुलगी आपल्या आजोबांना घेऊन आली. लाजरी होती, मागच्या बाकावर बसायची. आजोबांनी सांगितलं, पाणी चढायला लागलं तेव्हा सगळे सामान घेऊन निघाले, पण हिची आजी परत फिरली. घरात जाऊन चुलीपाशी बसली. दोघांनी उचलून आणलं तिला. त्यानंतर ती जगली चौदा वर्षं, पण मोजकंच बोलली. वर्गात चाळीस मुलं होती, एक हलेना. शिकवताना असा तास आयुष्यात एखाद-दोनदाच मिळतो.

मी घरी येऊन सगळं लिहून काढलं. आजोबांचं नाव, आजीचं नाव, गावाचं नाव, सगळं. पाठाबरोबर वाटायचा कागद केला. तो अधिवेशनात दाखवला, लोकांनी डोळे पुसले. मग चाळीस शाळांनी कागद मागून नेला. मला मंडळाने शाल... नाही, तेही सांगत नाही. नऊ वर्षं मी तो पाठ गावोगाव करून दाखवला. प्रत्येक वेळी लोक रडले आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही, पण तसंच होतं.

अकरा वर्षांपूर्वी पाठ संपल्यावर शेवटच्या रांगेतून एक तरुण शिक्षिका उभी राहिली. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "बाई, हा कागद माझ्या आजीचा आहे. मला पहिली नोकरी लागली तिथे मुख्याध्यापकांनी हाच कागद माझ्या हातात दिला आणि सातवीला शिकवा म्हणाले. मी तो शिकवला. वर्गात एकाने आजीची नक्कल केली, चुलीपाशी बसून. बाई, तुम्ही आम्हाला विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं, चिंगे. मनातसुद्धा आलं नव्हतं. आजोबा वर्गापुढे बोलले ते नातीच्या वर्गापुढे. मी ते तीनशे लोकांपुढे नेलं, छापलं, वाटलं.

'नाही विचारलं' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "सत्र संपल्यावर बोलू." आणि सत्र संपायच्या आत चहाच्या खोलीतून बाहेर पडले, ती थेट बसमध्ये बसले.

पुढच्या वर्षी गेले होते मी. फाटकापर्यंत गेले. ती आत टेबलावर नावं लिहून घेत होती. तिथून मागे फिरले आणि बसथांब्याजवळच्या लॉजवर दोन दिवस बसून राहिले. घरी काय सांगणार? तुझी आई सगळ्यांना सांगत सुटते, आमची ताई मंडळात मोठी. मग दर वर्षी तेच. लॉजवाला ओळखायला लागला, खिडकीची खोली राखून ठेवायचा. नकाशे थांब्यासमोरच्या दुकानातले. आता हस तरी.

ती मुलगी म्हणजे तुझ्या त्या कार्यवाह बाई. तिने तुला काही सांगितलं नाही, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्याविषयीची गोष्ट माझ्या मागे सांगायची नाही, एवढं तिला कळलं. ते मी तिला शिकवलेलं नाही.

मावशी


२० डिसेंबर

प्रिय मावशी,

पत्र दोनदा वाचलं. तुला काही समजावत नाही. तू काही लहान नाहीस आणि झालं ते लहान नाही.

माझं सांगते. शिबिराच्या अर्जाला एक पाठ जोडायचा असतो. माझा तयार होता. आमच्या गावातला कारखाना बंद पडला त्यावर. आठवीतल्या एका मुलीची आई वर्गात येऊन बोलली होती. नवऱ्याचं काम गेल्यावर तीन महिने दोघांनी मुलांना कळू दिलं नाही, तो रोज डबा घेऊन निघायचा आणि नदीवर बसून खायचा. मी ते सगळं लिहिलं होतं, नावानिशी. आणि मला फार आवडलं होतं, मावशी.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या घरी गेले. शिवणयंत्रावर बसल्या होत्या. कागद वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकलं, दोरा तोडला आणि म्हणाल्या, "बाई, लिहिलंय छान. पण नको. पोरांपुढे बोलले ते पोरांसाठी. ह्यांना कळलं तर मान खाली जाईल त्यांची." मग मला पाणी दिलं आणि मुलीला अक्षर सुधारायला सांगा म्हणाल्या.

घरी येताना मला रडू येत होतं. खरं सांगू? त्यांच्यासाठी नाही, पाठ गेला म्हणून. तेव्हा तू मला कळलीस.

अर्ज नव्याने लिहितेय, पुलापलीकडच्या बाजाराचा. पाणीपुरवठ्याचंही पत्र आलंय. पंधरा जानेवारीला हजर व्हा म्हणतात.

तू तिला लिहिशील का? मी सांगणारी कोण. पण लिहिशील का?

तुझी चिंगी


१४ जानेवारी

चिंगे,

लिहिलं. तुझं पत्र आल्यावर आठ दिवस कागद फाडले, शेवटी चारच ओळी गेल्या. 'तू विचारलं होतंस त्याचं उत्तर, नाही. मी विचारलं नव्हतं. उत्तर न देता गेले ही त्याहून मोठी चूक. भेटायची इच्छा नसेल तर मला समजेल.'

परवा रविवारी सकाळी दार वाजलं. काठी टेकत जाऊन उघडलं, तर ती. धाप लागलेली.

"बाई, जिना फार आहे."

"हो गं. म्हणून कुणी येत नाही."

"मी आले असते," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वीच आले असते. तुम्ही बोलवायचं होतंत."

बसली. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, "तुम्ही बसा," आणि स्वतःच ओट्याशी गेली. साखर कुठेय विचारलं. पाठमोरी असतानाच बोलत होती, समोरासमोर तिलाही जमत नसावं. म्हणाली, "मला राग होताच, बाई. अजून आहे. पण मी उठले ती तुमचा अपमान करायला नाही. वर्गात तुम्ही कुणाचा प्रश्न कधी सोडला नाहीत. मला वाटलं, उत्तर द्याल. तुम्ही निघून गेलात आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या मोठ्या बाईंना घालवलं हिने. दोन वर्षं माझ्याशेजारी कुणी बसत नव्हतं."

चिंगे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अकरा वर्षं मी माझीच लाज कुरवाळत बसले. तिचं मागे काय झालं असेल, हा विचार एकदाही केला नाही.

मी माफी मागितली. चांगली मागता आली नाही. ती म्हणाली, "माफीचं मला अजून ठरवता येत नाही. आजी असती तर तिला विचारलं असतं." मी म्हटलं, "बरोबर आहे." मग आम्ही दोघी चहा प्यायलो.

निघताना तिने पिशवीतून वेळापत्रक काढलं. मार्चमध्ये नव्या शिक्षकांची बैठक याच शहरात आहे. लोकांच्या आठवणी वर्गात आणताना काय काळजी घ्यायची, त्यावर एक सत्र. म्हणाली, "तुम्ही घ्याल?"

मी म्हटलं, "अगं, मी तर चुकलेली."

"म्हणून तर विचारतेय. बरोबर वागलेल्यांची यादी माझ्याकडे आहे. ते तासभर बरोबर वागल्याचं सांगतात आणि पोरं जांभया देतात."

मी अजून हो म्हटलेलं नाही.

उद्या पंधरा तारीख. तू कुठे हजर होणार आहेस?

मावशी


१६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

शाळेतच हजर आहे. पंधरा जानेवारीला पाणीपुरवठ्यात गेलेही होते. टेबल चांगलं होतं, खिडकीजवळचं. तिथल्या साहेबांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "शाळेत पगार जास्त आहे का?" मी म्हटलं, "नाही, भांडणं जास्त आहेत."

मग मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, "सर, माझ्या तासांना हात लावायचा नाही असं लेखी द्या." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सगळेच तास?" "सगळेच." "बाई, थोडं इकडेतिकडे..." शेवटी आठवड्याला एकच तास उसना, तोही मला आदल्या दिवशी विचारून, यावर मिटलं. गणिताच्या सरांनी परवा खरंच येऊन विचारलं, "उद्या घेऊ का?" मी नाही म्हटलं. इतकं गोड वाटलं ते नाही!

पायऱ्यांवर भेटलेल्या त्या दोघी आता महिन्यातून एका शनिवारी येतात. ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे असते, तिथेच बसतो. एकमेकींचे पाठ ऐकतो आणि भांडतो. मागच्या खेपेला शिपाईकाकाही बसले. ते जुन्या बाजारात हमाली करायचे, मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. बोलणं संपल्यावर मी विचारलं, काका, हे मुलांना सांगू का? म्हणाले, "सांगा की. पण मी किती उचलायचो तो आकडा बरोबर सांगा."

आणि ऐक, शिबिराला निवड झाली. विसांत सतरावा क्रमांक. आई शेजारच्यांना पहिला म्हणून सांगतेय.

मार्चच्या बैठकीला मला येता येणार नाही, परीक्षा आहेत. तू हो म्हटलंस की नाही? मला खोटं लिहू नकोस. खिडकीची खोली राखून ठेवणारा लॉजवाला आता मलाही माहीत आहे.

तुझी चिंगी


२३ मार्च

चिंगे,

सतरावा म्हणजे तीन जणांच्या पुढे. कमी नाही. तुझ्या आईला बोलू नकोस, तिला तेवढं सुख हवं.

काल सत्र झालं. शिंपीदादांनी चार मजले उतरवलं, रिक्षात बसवलं आणि वर म्हणाले, "परीक्षेला चाललाय का?" इतका चेहरा उतरला होता.

साठेक जण असतील, तुझ्याच वयाचे. मी फळ्याला टेकून उभी राहिले. साडीला खडू लागला, तोही बरा वाटला. मी सगळं सांगितलं. त्या घराविषयी एक शब्द नाही, नाव नाही, काय घडलं तेही नाही. ती गोष्ट माझी नाहीच. मी माझी सांगितली. कुणीतरी विश्वासाने बोललं, मी ते न विचारता उचललं, लोक रडले, मला आवडलं, आणि एका मुलीने एक प्रश्न विचारला. कुणी जांभई दिली नाही. पण रडलंही कुणी नाही. सगळे भराभरा लिहून घेत होते.

पहिल्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. नवाच शिक्षक, इस्त्रीचा शर्ट. "बाई, मग तुम्ही तिला काय उत्तर दिलंत?"

मी म्हटलं, "दिलं नाही. पळून गेले."

"आणि आज तिने विचारलं तर?"

ती खोलीच्या मागे उभी होती, हजेरीचे कागद छातीशी धरून. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून आले होते. उगाच चार लोकांत तिला अवघडायला नको. पण बघितलंच.

म्हटलं, "आज सांगेन, नाही विचारलं. विचारायला हवं होतं. आणि तू नको म्हणाली असतीस, तर कितीही चांगला असला तरी तो पाठ मी करायला नको होता."

तिने चष्मा वर सरकवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात म्हणाली, "बाई, अजून बारा मिनिटं आहेत. पुढे शिकवा."

मग शिकवलं. चिंगे, बारा मिनिटं पुरली नाहीत गं.

तुझी मावशी